मदत हवी आहे: संजय गांधीचे पैसे परत भरा म्हणून कागद आलाय, हप्ते पाडून मिळतात का?

शिवाजीपेठकर (सोमवार, रात्री १०.४०)
जरा लवकर उत्तर द्या, शुक्रवारपर्यंतच मुदत आहे. माझ्या आत्तीला संजय गांधीचे पैसे मिळत होते. पाच महिने झाले, बंद आहेत. आता गावात कागद आलाय की ३३,००० रुपये सात दिवसांत भरा, नाहीतर जमीन महसुलाची थकबाकी धरून वसूल करू. तिच्याकडं एवढे पैसे नाहीत. हप्ते पाडून मिळतात का आणि अर्ज कुणाच्या नावानं करायचा, एवढंच विचारायचंय. नमुना असला तर टाका.

सुमनताई_इचल (सोमवार, रात्री ११.०५)
ई-केवायसी राहिली असेल. आमच्या जावेचे पण असेच बंद झाले होते. मोबाईलवर ओटीपी येतो, नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर लागतो. करून घ्या, होतील चालू.

शिवाजीपेठकर (सोमवार, रात्री ११.१२)
ताई, ही लाडकी बहीण नव्हे. संजय गांधी निराधार. आणि तिचे पैसे नुसते बंद नाहीत, दिलेले परत मागतायत.

अव्वल_कारकून_निवृत्त (मंगळवार, सकाळी ६.५०)
महसूल खात्यात ३१ वर्षं काढली, त्यातली चार संगांयो म्हणजे संजय गांधी योजनेच्या शाखेत. हप्त्यांचं नंतर बघू. आधी हे सांगा: आत्तींचं वय किती? विधवा म्हणून लाभ होता की दिव्यांग म्हणून? मुलं आहेत का, किती वर्षांची? कागदावर कारण काय लिहिलंय? सही कुणाची आहे आणि जावक क्रमांक आहे का?

शिवाजीपेठकर (मंगळवार, सकाळी ९.३०)
वय ५८. विधवा. कारण "उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त" एवढंच. बाकीचं कशाला लागतंय, अर्ज तर पैसे भरायचाच करायचाय ना?

भोगावतीकाठ (मंगळवार, सकाळी १०.१५)
अर्जबिर्ज करून काही होत नाही. आमदारांच्या पीएला गाठा, एका फोनवर काम होतं. आमच्या गल्लीतल्या तिघींचं झालंय. नाहीतर तहसीलच्या दारात एकजण बसतो, दोन हजार घेतो आणि फाईल मिटवून देतो.

अव्वल_कारकून_निवृत्त (मंगळवार, सकाळी १०.४०)
भोगावतीकाठ, फाईल अशी मिटत नसते. तो माणूस दोन हजार घेतो, तीन महिने "साहेब रजेवर आहेत" सांगतो आणि तोवर मुदत निघून जाते. अशा बायका मी डोळ्यांनी बघितल्यात. कृपा करून हा सल्ला देऊ नका.

शिवाजीपेठकर, माझ्या प्रश्नांची उत्तरं द्या. हप्त्यांचा अर्ज केलात की "मी चुकीनं पैसे घेतले" हे तुम्हीच लिहून दिल्यासारखं होईल. उत्पन्न कुठून आलं म्हणतात ते?

शिवाजीपेठकर (मंगळवार, दुपारी १.२०)
उसाचं बिल. आत्तीचे मालक वारल्यावर सातबाऱ्याला वारस म्हणून तिचं नाव लागलं. गट सामाईक आहे, दोन दीर आणि ती. ऊस दीरच करतात, पण कारखान्याला नोंद तिच्या नावानं आहे. गेल्याच्या गेल्या हंगामात २१ टन गेला, ३,१०० नं ६५,१०० झाले. ते तिच्या खात्यात दिसले म्हणून हे सगळं.

करदाता७२ (मंगळवार, दुपारी १.५५)
राग मानू नका, पण नावावर शेत आहे, ऊस कारखान्याला जातोय, वर्षाला ६५ हजार येतायत, मग निराधार कशा? खरंच कुणी नसलेली माणसं यादीबाहेर राहतात ती अशामुळं. पात्रता नसताना घेतलेले पैसे परत द्यायला पाहिजेत. मी पगारातून कर भरतो, मला हे बोलायचा अधिकार आहे.

उसाचा_फड (मंगळवार, दुपारी २.३०)
करदाता, उसाचं बिल कधी हातात घेतलंय का? बिल निघतं तेव्हा विकास सोसायटीचं पीक कर्ज आधी वळतं होतं. मग पाणी संस्थेची पट्टी, खताची उधारी. तीन वाटेकरी असले तर राहिलेल्याचे तीन भाग. हिच्या वाट्याला सात-आठ हजार आले तर नशीब. वर जो आकडा आहे त्याला उत्पन्न कसं म्हणायचं?

आणि ऊस दर नियंत्रण आदेशाप्रमाणं १४ दिवसांत बिल द्यायचं असतं, ते तरी कुठं वेळेवर मिळतं? काट्यावरचं वजन हा तर वेगळाच विषय आहे. गेल्या साली आमची ट्रॉली बाहेरच्या काट्यावर...

अव्वल_कारकून_निवृत्त (मंगळवार, दुपारी २.४५)
काट्याचा वेगळा धागा काढा, मीही येतो तिथं. पहिलं म्हणणं मात्र बरोबर आहे. शिवाजीपेठकर, सोसायटीचा खातेउतारा काढा. कर्ज वळतं झाल्याची नोंद त्यात असते, तो तुमचा मुख्य पुरावा. मुलांचं अजून सांगितलं नाहीत.

शिवाजीपेठकर (मंगळवार, रात्री ९.१०)
एक मुलगा आहे. पुण्यात असतो, बायकोपोरं घेऊन. चार वर्षांत दोनदा आला. पैसे पाठवत नाही. हे लिहायचं नव्हतं मला, आत्तीला ते चारचौघांत निघालेलं चालत नाही.

करदाता७२ (मंगळवार, रात्री ९.२५)
मग मुलाला विचारा की. आईला सांभाळायची जबाबदारी त्याची. २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे, प्रांताकडे दावा लावता येतो.

काळाकोट (मंगळवार, रात्री ९.५०)
तो कायदा ६० वर्षं पूर्ण झालेल्यांना ज्येष्ठ नागरिक म्हणतो, पण आईवडिलांना वयाची अट नाही, त्यामुळं दावा होऊ शकतो. तरी आज विषय वसुलीचा आहे. माझं स्पष्ट मत, सरळ हायकोर्टात रिट करा. १८ ऑगस्ट २०२५ पासून आपल्याकडं कोल्हापुरातच हायकोर्टाचं सर्किट बेंच चालू आहे, सीपीआर दवाखान्यासमोर. मुंबईला हेलपाटे घालायला लागत नाहीत आता. सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा रफिक मसीह निकाल दाखवा, जादा दिलेली रक्कम गरिबांकडून वसूल करता येत नाही.

अव्वल_कारकून_निवृत्त (मंगळवार, रात्री १०.२०)
वकीलसाहेब, तो निकाल सरकारी कर्मचाऱ्यांचा आहे. वर्ग तीन आणि चारच्या लोकांना चुकून जादा पगार गेला तर वसूल करू नये, असं त्यात आहे. निराधार बाईला तो जसाच्या तसा लागू होत नाही. आणि भांगलायला जाणाऱ्या बाईनं ३३ हजारांसाठी पहिल्या दिवशीच हायकोर्टात का जायचं?

काळाकोट (मंगळवार, रात्री १०.३५)
जसाच्या तसा नाही, मान्य. त्यामागचं तत्त्व मांडता येतं एवढंच माझं म्हणणं. आणि खर्चाचं म्हणाल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं कुठल्याही बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. कसबा बावड्याला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. आधार कार्ड आणि हा कागद घेऊन जा.

सुमनताई_इचल (मंगळवार, रात्री १०.५०)
मला एक कळत नाही. मी लाडकी बहीण घेते. महिन्याला १,५०० आणि घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांपर्यंत चालतं. मग ह्यांच्या आत्तीला किती चालतं?

अव्वल_कारकून_निवृत्त (मंगळवार, रात्री ११.००)
कुटुंबाचं २१,००० वर्षाला. दिव्यांगांना ५०,०००. रक्कम तीच, १,५००. ती जुलै २०२३ पासून झाली, त्याआधी १,००० होती. दिव्यांगांना अलीकडं २,५०० केलेत.

सुमनताई_इचल (मंगळवार, रात्री ११.०४)
२१,००० म्हणजे महिन्याला १,७५०. ह्यात गॅस तरी येतो का?

यारातीर (बुधवार, पहाटे ४.३०)
मूळचा मंगळवार पेठेतला, आता मेलबर्नला. वाचून राहवलं नाही. इथं २०१६ पासून असंच झालं होतं, त्याला रोबोडेट म्हणतात. सरकारनं कर खात्याकडचं वर्षाचं उत्पन्न घेतलं, २६ पंधरवड्यांनी भागलं आणि प्रत्येक पंधरवड्यात माणूस तेवढे कमवत होता असं धरलं. ज्यांनी चार महिने काम केलं आणि बाकीचे महिने बेकारी भत्त्यावर काढले, त्यांना हजारो डॉलर परत करा म्हणून पत्रं गेली. चूक आहे हे सिद्ध करायचं ओझंही त्यांच्यावरच. २०१९ मध्ये सरकारला कोर्टात कबूल करावं लागलं की हे बेकायदेशीर होतं, पैसे परत द्यावे लागले. २०२३ ला चौकशी आयोगाचा अहवाल आला. त्यात सगळ्यांत जास्त काय लागलं असेल तर लोकांना किती लाज वाटली होती ते. घरात कुणाला न सांगता लोक भरत होते. तुमच्या आत्तींना सांगा, लगेच भरू नका.

करदाता७२ (बुधवार, सकाळी ८.१५)
ऑस्ट्रेलियाचा इथं काय संबंध? हे सगळं ठीक आहे, पण तपासणीच करायची नाही का सरकारनं?

शिवाजीपेठकर (बुधवार, सकाळी ११.३०)
करदातासाहेब, तपासणी करू दे की. पण ती कशी केली ते ऐका. काल मी आत्तीकडं गेलो होतो.

कागद तिनं रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या कव्हरात घडी घालून ठेवलाय. चार दिवसांत तीन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घेतलाय, आणि दर वेळी "जमीन महसुलाची थकबाकी" आलं की तेवढी ओळ परत वाचायला लावते. तिला वाटतंय दीरांच्या वाट्यावर पण बोजा चढणार आणि तिला घराबाहेर काढणार.

पैसे बंद झाल्यावर ती दोनदा तहसीलला गेली होती. एकदा अंगठाच उठला नाही. भांगलून भांगलून बोटाच्या रेषा गेल्यात, खुरपं धरायची जागा तर काचेसारखी गुळगुळीत झालीय. दुसऱ्या खेपेला खिडकीवरचा माणूस रांगेतल्या सगळ्यांसमोर म्हणाला, "फुकट खायची सवय लागलीया, ऊस घालवता आणि निराधार म्हणून येता." ती तशीच मागं फिरली. एसटीचे पैसे गेले आणि दिवसाची अडीचशेची हजेरी गेली. त्यानंतर ती त्या ऑफिसात गेलीच नाही. मला पण तिनं सांगितलं नव्हतं, शेजारच्या काकूंनी सांगितलं.

सोसायटीचं कर्ज ४१,००० वळतं झालंय. राहिले २४,१००. तिघांत वाटले तर ८,०३३. ह्यातच खताची उधारी. एकानंही तिला विचारलं नाही की बाई, हे पैसे कुणाचे. माझं म्हणणं एवढंच आहे. अडीच लाखवाल्यांना मोबाईलवर ओटीपी आणि २१ हजारवालीला थकबाकीची नोटीस?

आणि हो, कागदावर जावक क्रमांक नाही. सही नाही, नुसता शिक्का. कोतवालानं आणून दिला.

अव्वल_कारकून_निवृत्त (बुधवार, दुपारी १२.१०)
हे पहिल्या दिवशी सांगायला पाहिजे होतं! जावक क्रमांक नाही, सही नाही, त्या कागदावर एक रुपया भरायचा नाही.

आजच अर्ज लिहा, तहसीलदारांच्या नावानं, "म्हणणे मांडण्यास संधी मिळणेबाबत". त्यात लिहा की मला कारणे दाखवा नोटीस मिळालेली नाही, उत्पन्नाचा हिशोब दाखवलेला नाही, आणि लाभ बंद करण्याच्या आदेशाची प्रत द्यावी. हप्ते, माफी, चूक हे शब्द अर्जात कुठंही नकोत. सातबारा आणि सोसायटीचा उतारा जोडा, दोन्ही दीरांचं पिकाबद्दल लेखी निवेदन जोडा. लाभ देणं न देणं तालुका समितीपुढं होतं, तहसीलदार तिचे सदस्य सचिव असतात, म्हणून समितीच्या त्या बैठकीचं इतिवृत्त माहितीच्या अधिकारात मागा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर फी पण नाही. अर्जाची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

अजून एक. फेब्रुवारी २०२५ मध्ये लाडकी बहीणमधून पाच लाख नावं कमी केली, त्यातल्या २ लाख ३० हजार संजय गांधीच्याच बायका होत्या. तेव्हा आधी जमा झालेले पैसे परत घेणार नाही असं मंत्र्यांनी जाहीर केलं होतं. योजना वेगळी आहे, पण अर्जात एक ओळ घालाच.

करदाता७२ (बुधवार, दुपारी १.००)
हिशोब न बघता नोटीस काढली असेल तर ते चूकच आहे. खिडकीवर जे बोलले तेही. माझी आई पण पेन्शनच्या रांगेत उभी राहते. फक्त वारस म्हणून नाव असलेल्यांचा वाटा दाखल्यात वेगळा दाखवत जावा, मग असा घोळ होणार नाही.

सुमनताई_इचल (बुधवार, दुपारी १.२०)
अंगठा उठत नसेल तर आधार केंद्रावर बोटांचे ठसे नव्यानं घेतात, डोळ्यांवरही होतं. आणि पैसे दुसऱ्याच खात्यात जात नाहीत ना ते बघा. आमच्याकडं बऱ्याच जणींनी पोस्टाच्या बँकेत नवीन खातं काढलं, आधार तिकडं जोडलं गेलं आणि जुन्या खात्यात काही येईना. आधारच्या साईटवर कुठली बँक जोडलीय ते दिसतं.

शिवाजीपेठकर (शुक्रवार, सायंकाळी ६.४५)
उशीर झाला, माफ करा. आज अर्ज दिला. पोच देईनात, "ठेवून जा" म्हणाले. आम्ही बाकड्यावर बसून राहिलो. आत्ती म्हणत होती जाऊया, माणसं बघायलीत. पावणेपाचला शिक्का मारला, तारीख आणि आवक क्रमांकासकट. सुनावणीला मंगळवारी ११ वाजता बोलावलंय. पैसे मागितले नाहीत. तो कागद कुणी काढला ते मात्र त्यांनाही सांगता आलं नाही.

सुमनताई, तुमचं खरं निघालं. पोस्टाच्या खात्यात दोन महिन्यांचे ३,००० पडून आहेत. म्हणजे बंद पाच महिने नव्हतेच, तीनच. आत्तीनं अजून हात लावला नाही. विचारतीय, काढले तर आणि वसुली लागंल का?

अव्वल_कारकून_निवृत्त (शुक्रवार, रात्री ७.१०)
काढू देत. तिच्या हक्काचे आहेत. मंगळवारी दोन्ही दीरांना बरोबर आणा आणि उताऱ्याच्या दोन झेरॉक्स ठेवा, एक ते ठेवून घेतील.

शिवाजीपेठकर (शुक्रवार, रात्री ७.२२)
धाकटे दीर येतो म्हणालेत. थोरल्यांशी गेली दोन वर्षं बोलणं नाही. बघतो उद्या जाऊन.