स्वस्त कांद्याचा बर्गर

दादा डॅलस: मंडळी, सापडला! चार वर्षं शोधत होतो तो बर्गर काल खाल्ला. ओक्लाहोमात एल रीनो म्हणून गाव आहे, जुन्या रूट 66 या हायवेवरचं. साडेतीन तास गाडी चालवत गेलो. तात्या, तुम्हाला खास सांगतोय, कारण मांसाइतकाच कांदा असतो त्यात.

तात्या निफाड: कच्चा का तळलेला?

दादा डॅलस: रॉबर्ट्स ग्रिलमध्ये अगदी तव्यासमोर बसलो होतो. 1926 पासूनचं दुकान, मोजकीच स्टुलं. तव्यावर खिम्याचा गोळा टाकला, त्यावर मूठभर कांदा, आरपार दिसेल इतका पातळ चिरलेला. मग उलथन्यानं असा दाबला की कांदा मांसात रुतूनच बसला. उलटल्यावर कांदा खाली गेला आणि चरबीत परतत राहिला. कडेच्या काड्या काळपट, कुरकुरीत, मधला कांदा गोड आणि मऊ. पाव त्यावरच झाकून ठेवतात, कांद्याची वाफ पावात जिरते. घास घेतला आणि दोन मिनिटं कुणाशी बोललो नाही.

तात्या निफाड: एवढा कांदा घालायची रीत पडली कशी?

दादा डॅलस: गरिबीतून, तात्या. 1922 साली तिथं रेल्वे कामगारांचा मोठा संप झाला. गाव रेल्वेच्या वर्कशॉपवर जगणारं, हातात पैसा नाही. मांस महाग, कांदा स्वस्त. म्हणून थोड्या मांसात भरपूर कांदा दाबून पोटभर बर्गर द्यायला लागले, असं गावात सांगतात. आता मे महिन्यात तिथं कांदा बर्गरचा उत्सव भरतो, 850 पौंडांचा एकच बर्गर करतात. म्हणजे साडेतीनशे किलोच्या वर.

तात्या निफाड: आपल्याकडे कांदा स्वस्त झाला की पोटात गोळा येतो. तिकडे त्याच स्वस्त कांद्यानं लोकांचं पोट भरलं. वाचून बरं वाटलं बाळा.

आत्या नाशिक: ते गाईचंच असतं ना रे?

दादा डॅलस: हो आत्या, बीफच. तुझ्यापासून लपवणार नाही.

आत्या नाशिक: तू तुझं खा, मला काही म्हणायचं नाही. पण ते कांदा दाबायचं वाचून करून बघावंसं वाटतंय. मटणाच्या खिम्याचं जमेल का?

ताई पुणे: आणि न्यू हेवन शहरातला तो टोस्टवाला बर्गर? गेल्या वर्षी त्याचंच कौतुक चाललं होतं तुझं.

दादा डॅलस: लुईज लंच. ताई, त्याचा मान वेगळाच. 1895 चं दुकान, अमेरिकेतला पहिला हॅम्बर्गर 1900 साली आपण दिला असं ते सांगतात. दावेदार बरेच आहेत, पण 1898 च्या बिडाच्या उभ्या शेगड्यांत अजून मांस भाजतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. टोस्टमध्ये चीज, कांदा, टोमॅटो, बस्स. केचप मागितला तरी मिळत नाही, आणि ते बरोबरच आहे. रोजच्या रोज दळलेलं मांस चांगलं असेल तर त्यावर काही ओतायचं कशाला? डॅलसमध्ये एका महागड्या ठिकाणी वीतभर उंच बर्गर खाल्ला होता, वर अंडं, सॉस, काय काय. पहिल्याच घासाला सगळं ताटात सांडलं आणि मांसाची चव शेवटपर्यंत लागली नाही. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे, बर्गर हातात मावला पाहिजे.

आत्या, मटणाचं नक्की जमेल. खांद्याचं मांस घे, चरबी काढू देऊ नकोस, पाचवा हिस्सा तरी हवी. एकदाच फिरवून आण. आणि मळू नकोस! आपण कबाबाला मीठ घालून मळतो म्हणून तो घट्ट बांधला जातो. इथं उलटं. नुसता हलका गोळा कर, मीठ तव्यावर टाकल्यावर वरून. बिडाचा तवा धूर निघेपर्यंत तापव. दाबायचं ते पहिल्या अर्ध्या मिनिटातच, नंतर दाबलंस तर रस निघून जाईल. आत गुलाबी ठेवू नकोस, खिम्यात वरचे जंतू आतपर्यंत मिसळलेले असतात. इकडे सरकार खिमा आतून 71 अंश सेल्सिअस तापवायला सांगतं, पातळ असला की तेवढा लगेच होतो.

तात्या निफाड: कांदा उन्हाळ घे. लाल कांदा पाणी फार सोडतो, भाजायच्या आधी शिजून जाईल. आणि विळीवर चीर, तेवढा पातळ सुरीनं निघत नाही.

*रविवार*

आत्या नाशिक: केला. पहिल्या दोन गोळ्यांत सवयीनं आधीच मीठ घालून कालवलं, ते चिवट झाले. पुढचे चार तू सांगितलेस तसे केले. दाबताना कांदा चर्र वाजला आणि असा वास सुटला की शेजारच्या वहिनी विचारायला आल्या. पाव बेकरीतलेच, साधे. सॉसची बाटली कुणी उघडली नाही. फक्त घरातला कांदा संपला.

दादा डॅलस: आत्या, फोटो टाक ना. कडा काळ्या झाल्या का?

आत्या नाशिक: झाल्या. फोटो काढायला एकही उरला नाही रे.

तात्या निफाड: कांदाचाळीतला निवडक कांदा काढून ठेवतो. उद्या दूधवाल्याच्या गाडीत अर्धी गोणी टाकतो, सातपर्यंत नाक्यावर कुणाला तरी पाठव.