मदत हवी आहे : 'कार्पेथिया' जहाजाचे मालवाहू भागाचे आराखडे

नमस्कार मंडळी. मी 'कार्पेथिया'ची १:३५० प्रमाणातली कागदी प्रतिकृती करतोय, साधारण ४९ सेंटिमीटर लांब. टायटॅनिकच्या ७०५ जणांना वाचवणारं जहाज म्हणून सगळे तिला ओळखतात, पण मला तिचं रोजचं आयुष्य दाखवायचंय. १९०३ साली लिव्हरपूल-बोस्टन मार्गावर उतरली तेव्हा तिच्यावर पहिला वर्ग नव्हताच. वर दुसऱ्या-तिसऱ्या वर्गाचे प्रवासी, खाली थंड कोठारांत मांस. पुढे भूमध्य समुद्रातले स्थलांतरित न्यूयॉर्कला नेऊ लागली. एरवी १४ नॉटनं (ताशी सुमारे २६ किलोमीटर) चालणारं हे साधं जहाज टायटॅनिक बुडालं त्या रात्री कॅप्टन रॉस्ट्रन यांनी किती ताणलं असेल! १७ जुलै १९१८ला जर्मन पाणबुडीनं तिला बुडवलं. पाच खलाशी गेले.

चार डोलकाठ्या आणि एकुलतं उंच धुराडं जमलंय. अडलंय ते डेकवर : माल उतरवायच्या झडपा नेमक्या कुठे, आणि डोलकाठ्यांना माल उचलायचे दांडे कसे जोडलेले? १९०५च्या फेरबदलानंतरचे आराखडे किंवा डेकचे स्वच्छ फोटो कुणाकडे आहेत का? जहाजबांधणीतल्या कुणी नुसतं रेखाटन करून दिलं तरी चालेल.