मदत हवी आहे: गिट ब्रँचच्या यादीत तारीख दाखवायची आहे, पण तारांकन गायब होते

गिटमधली (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे साधन) गिट ब्रँच ही कमांड ब्रँचची, म्हणजे कामाच्या स्वतंत्र फांद्यांची, अक्षरक्रमाने यादी देते. साठेक ब्रँच असल्या की ताजी कोणती ते कळत नाही. --फॉरमॅट वापरून नाव आणि तारीख आणली, पण चालू ब्रँचपुढचे तारांकन गेले आणि स्तंभ वेडेवाकडे झाले. शिवाय हे दर वेळी टाइप करणे जमणार नाही. काय करावे?

प्रतिसाद १

फॉरमॅट दिला की मूळची मांडणी पूर्ण बाजूला पडते, म्हणून तारांकनही स्वतःच मागावे लागते. त्यासाठी %(हेड) आहे. स्तंभांसाठी अलाइन:

गिट ब्रँच --लिस्ट --सॉर्ट=-कमिटरडेट --फॉरमॅट='%(हेड) %(अलाइन:३५)%(रेफनेम:शॉर्ट)%(एंड) %(कमिटरडेट:रिलेटिव्ह) %(अपस्ट्रीम:ट्रॅक)'

(कमांड इथे देवनागरीत लिहिली आहे, टर्मिनलमध्ये अक्षरे आणि अंक दोन्ही रोमन, आणि हेड कॅपिटलमध्येच.) कमिटरडेटच्या आधीचे वजाचिन्ह म्हणजे नवे वर. अवतरणचिन्हे काढू नका, नाहीतर कंसांवरून बॅश (टर्मिनलमधला शेल) सिंटॅक्स एरर देते. अपस्ट्रीम:ट्रॅक प्रत्येक ब्रँच तिच्या अपस्ट्रीमच्या (ती ज्या ब्रँचशी जोडली आहे तिच्या) किती पुढे-मागे आहे याचा हिशेब करते. मोठ्या रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या साठ्यात) यादी रेंगाळली तर आधी तेच काढा. रंग हवा असेल तर %(कलर:ग्रीन) अलाइनच्या बाहेर लिहा. आत घातला की रंगाचे अदृश्य कोडही रुंदीत मोजले जातात आणि स्तंभ पुन्हा सरकतात.

प्रतिसाद २

नुसता क्रम कायमचा बदलायचा असेल तर गिट कॉन्फिग --ग्लोबल ब्रँच.सॉर्ट -कमिटरडेट एवढे पुरते. ही सोय २.१९ पासून आहे, म्हणून जुन्या सर्व्हरवर आधी आवृत्ती बघा. रिबेस केल्यावर (जुने कमिट नव्या पायावर पुन्हा लावल्यावर) कमिटरडेट बदलते, ऑथरडेट, म्हणजे मूळ बदल लिहिल्याची तारीख, तीच राहते. ‘शेवटचे काम कधी झाले’ हे शोधताना हा फरक फार नडतो.

प्रश्नकर्ता

क्रम आणि तारांकन दोन्ही जमले, आभार. वरची ओळ एलियासमध्ये (कमांडच्या छोट्या टोपणनावात) घातली, तर ‘व्हॅलिड ब्रँच नेम नाही’ अशी एरर येते.

प्रतिसाद १

एलियासमध्ये आतली एकेरी अवतरणे आणि --लिस्ट दोन्ही गळली असणार. मग गिट स्पेसवर तुकडे पाडते आणि --लिस्ट नसेल तर पुढचा तुकडा नव्या ब्रँचचे नाव धरते. संपूर्ण एलियास दुहेरी अवतरणांत आणि फॉरमॅट एकेरीत ठेवा. --लिस्टही काढू नका: ती असली तरच एलियासपुढे 'फीचर/*' दिल्यावर यादी गाळून मिळते.

प्रतिसाद ३

फक्त वरच्या दहाच हव्या असतील तर गिट ब्रँचला --काउंट नाही. गिट फॉर-ईच-रेफ --काउंट=१० रेफ्स/हेड्स वापरा; सॉर्ट आणि फॉरमॅट तसेच चालतात. स्क्रिप्टमध्ये तर नेहमी हीच कमांड घ्या. गिट ब्रँचचे आउटपुट माणसांसाठी आहे, ते ग्रेपने (मजकूर शोधणारी कमांड) गाळून काढलेल्या नावात तारांकन हमखास अडकते.