मदत हवी: आई-बाबा घरी एकटे, वणव्याची वॉर्निंग आलीय, काय करू?

नेहा_के: प्लीज लवकर सांगा कोणीतरी. सकाळपासून लाइट नाही, वारा भयंकर सुटलाय आणि आत्ता वॉर्निंगचा मेसेज आला. मी ऑफिसात, दीड तास लांब, घरी आई-बाबा दोघंच. बाबा म्हणतात धूर कुठे दिसतोय, तू ये मग बघू. मी जाऊन त्यांना आणू का? गॅरेजपण उघडत नाहीये.

सुहास७१: अहो कुठे आहात ते तरी लिहा! गाडी आहे का घरी? बाबा चालवतात?

नेहा_के: कॅलिफोर्निया, सिएराचा पायथा. गाडी आहे गॅरेजमध्ये, बाबांनी इथे दोनदाच चालवलीय.

शेखर_चिको: ताई, तुम्ही जाऊ नका, त्यांना आत्ताच निघायला सांगा. वॉर्निंग म्हणजे निघायच्या तयारीत राहा, त्यानंतर येते ती ऑर्डर म्हणजे तत्काळ निघा, पण वयस्कर माणसांनी वॉर्निंगलाच निघायचं असतं. ८ नोव्हेंबर २०१८ ला मी चिकोत होतो. सकाळी साडेसहाला आग लागली आणि आठच्या आत जवळच्या पॅराडाइज गावात पोचली. झोनप्रमाणे गाव रिकामं करायचा प्लॅन होता, पण अख्खं गावच एकदम निघालं, स्कायवे या मुख्य रस्त्यावर गाड्या जागच्या जागी, भर सकाळी काळोख, हेडलाइट लावून लोक बसलेले. ८५ माणसं गेली, बहुतेक म्हातारी. धूर दिसेपर्यंत थांबायचं नसतं हो.

मिलिंद_व्हिक्टोरिया: घर नीट तयार असेल तर थांबणंही सेफ असतं. आमच्याकडे ऑस्ट्रेलियात छताच्या पन्हळी साफ, पंप आणि पाइप कायम रेडी.

शेखर_चिको: मिलिंदराव, २००९ च्या ब्लॅक सॅटर्डेच्या वणव्यात तुमच्याकडेच १७३ गेले ना, कितीतरी जण घरातच. दोन म्हाताऱ्या माणसांना पाइप धरून उभं करणार का?

मिलिंद_व्हिक्टोरिया: मी तयार घराबद्दल बोललो. उशिरा निघून रस्त्यात अडकणं जास्त वाईट, पोर्तुगालला २०१७ च्या वणव्यात एकाच रस्त्यावर ४७ लोक गेले.

शेखर_चिको: म्हणून तर लवकर निघा म्हणतोय!

अनघा: धुरासाठी एचइपीए (बारीक कण अडकवणारा) फिल्टरवालाच हवेचा प्युरिफायर घ्या, साध्याचा उपयोग नाही.

सुहास७१: लाइट नाहीये त्यांच्याकडे!! नेहा, गॅरेजमध्ये छताला लाल मूठ असलेली दोरी लोंबत असेल, ती खाली ओढली की मोटर सुटते, मग दार हाताने उचलायचं. जड असतं, बाबांना एकट्याला करू देऊ नका. कॅलिफोर्नियात २०१७ च्या आगीत लाइट गेल्यावर दारं न उघडल्यामुळे लोक अडकले, म्हणून आता तिथे दाराच्या नव्या ओपनरला बॅटरी सक्तीची आहे, तुमचा जुना असणार.

प्रसाद_आर: या सगळ्याचं मूळ वीज कंपनी. पॅराडाइजची आग त्यांच्याच लाइनचा जुना हुक तुटून लागली, २०२० मध्ये त्या ८५ पैकी ८४ जणांचा मनुष्यवध कबूल केला. आणि इन्शुरन्सचं बघितलंत का

सुहास७१: प्रसाद, नंतर. नेहा, आई-बाबांचे फोन काउंटीच्या अलर्टला रजिस्टर केलेत का? नसतील तर ऑर्डरचा फोन त्यांना येईलच असं नाही. शेजारी कोण आहे?

नेहा_के: नाही हो केलेले, सुचलंच नाही. शेजारच्या आजींना फोन लावला, त्यांचा मुलगा आमच्या घरी मदतीला गेलाय.

नेहा_के: दोरी ओढली, दार उचललं दोघांनी मिळून. आई-बाबा त्याच्याच गाडीत बसले, मी अर्ध्या रस्त्यात भेटते. पण आईचं इन्सुलिन फ्रिजमध्येच राहिलं, बाबा म्हणतायत परत जाऊ.

शेखर_चिको: परत अजिबात नाही. इन्सुलिन फार्मसीत मिळेल.

सुहास७१: नाव काय इन्सुलिनचं? किती युनिट? शेवटचं कधी घेतलं?