चौथीच्या पोरांना जहाजावरच्या नोकऱ्यांबद्दल कसं सांगू?

हर्णैजवळच्या शाळेत शिकवते. निम्म्या पोरांच्या घरी होडी, पण मोठेपणी कोण होणार विचारलं की पोलीस नाहीतर डॉक्टर! 5 एप्रिलला सागरी दिन आहे. 1919 साली याच दिवशी भारतीय कंपनीचं 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनला निघालं, हे सांगेनच. पण पुढे काय?

इंजिनरूमवाला: लेकाच्या वर्गात मी पीपीटी घेऊन गेलो, पाच मिनिटांत जांभया सुरू. मग दोरी काढून बोलाईनची गाठ शिकवली. कितीही ताण द्या, फास आवळत नाही. ताण गेला की सहज सुटते. नंतर अंडं साध्या पाण्यात बुडवलं, भरपूर मीठ घातलेल्या पाण्यात तरंगवलं. म्हणूनच समुद्रातून नदीत शिरलेलं जहाज थोडं खाली बसतं, हे पोरांनीच ओळखलं. एकीनं विचारलं, "जहाजावर संडास कुठे असतो?" तास त्यातच संपला, आणि बरंच झालं! कप्तानाखेरीज कुक, फिटर, इलेक्ट्रिशियनही लागतात, हे जरूर सांगा. महिनोन्‌महिने घर दिसत नाही, तेही लपवू नका.

दर्यावर्दी_आजोबा: बाई, पाहुणे शोधता कशाला? वर्गातल्याच कुणाचे तरी आजोबा तांडेल, म्हणजे होडीवरचे म्होरके, असतील. होकायंत्र घेऊन यायला सांगा.

प्रश्नकर्ती: आहेत की, दोघांचे! फक्त बंदरावरची भाषा वर्गात नको म्हणून आधी बजावते. अंडी मीच आणते.