बायकोला डिप्रेशन आहे, ८ वर्षांच्या मुलीला सांगायचं का?

सिडकोकर:
नमस्कार. बायकोची ट्रीटमेंट सुरू होऊन ३ महिने झालेत, बराच फरक आहे पण मधेच वाईट दिवस येतात, तेव्हा ती बेडरूमचा पडदा लावून पडून राहते. परवा मुलीला शाळेतून आणलं तर ती गेटपाशीच थांबली, वर खिडकीकडे बघितलं आणि बूट काढून हातात घेऊन जिना चढायला लागली, आवाज नको म्हणून. ती रोज पडदा बघते हे मला माहितीच नव्हतं हो. माझी आई म्हणते लहान आहे, तिला कशाला सांगतोस. काय करू?

गोदाकाठची:
दादा, सांगा. माझ्या आईलाही हाच त्रास होता, पंचवटीत वाड्यात राहायचो, विचारलं की सगळे म्हणायचे आईचं डोकं दुखतंय. चौथीत असताना माझ्या हातून लोणच्याची बरणी फुटली आणि त्याच आठवड्यात आईने अंथरूण धरलं, तर पार कॉलेजला जाईपर्यंत मला वाटायचं माझ्यामुळेच झालं. कुणाला विचारणार? काही सांगितलं नाही की पोरं स्वतःच कारण शोधतात.

समुपदेशक_इंदिरानगर:
शाळेत मुलांशी हेच बोलत असते म्हणून लिहिते. १९७० च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांनी आयांना बाळासमोर फक्त दोन-तीन मिनिटं चेहरा अगदी कोरा ठेवायला सांगितला होता, तर बाळं आधी हसून, हात पुढे करून आईला बोलतं करायला बघायची आणि मग तोंड फिरवायची, रडायची. तान्ह्या बाळाला कळतं, तुमची तर ८ वर्षांची आहे. आजाराचं नाव घेऊन सांगा, तुझ्यामुळे झालेलं नाही आणि आईला बरं करणं हे डॉक्टरांचं काम, तुझं नाही, हे नक्की म्हणा. पडदा लावलेला असेल त्या दिवशी डबा, अभ्यास कोण बघणार तेही तिला आधीच माहिती हवं. आईला आहे म्हणजे मुलीला होणारच असं अजिबात नाही. तुम्हालाही बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, २४ तास, मराठीतही बोलतात.

सिडकोकर:
काल रात्री सांगितलं, खरं तर बायकोच बोलली. पोरीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग मी बूट घालून वर आले तर चालेल?" माझ्या आईला अजून पटलेलं नाही, पण आज शाळेत आणायला तीच गेलीये.