'मल्टी-' की 'पॉली-'? मुलांना कसं समजावायचं?

प्रश्न – वर्गखोली

नववी-दहावीच्या सेमी-इंग्रजी वर्गासाठी 'मल्टी-'ने सुरू होणाऱ्या शब्दांचा एक तास बसवायचा आहे. 'अनेक' हा अर्थ मुलांना लगेच कळतो, घोळ त्यापुढे होतो. बहुभाषिक, बहुपेशीय, बहुभुज, बहुपदी, मराठीत सगळीकडे 'बहु-'च. त्यामुळे बहुभुजाला 'मल्टीगॉन' आणि बहुभाषिकाला 'पॉलीलिंग्वल' लिहिलं जातं. सांगता येईल असा काही नियम आहे का? शिवाय हायफन कधी द्यायचा, आणि 'मल्टी' म्हणजे किमान किती?

शब्दवेध

नियम आहे. उपसर्गाकडे बघू नका, मागच्या अर्ध्याकडे बघा. 'मल्टी-' लॅटिन 'मुल्तुस'वरून आला, 'पॉली-' ग्रीक 'पोलुस'वरून. दोन्ही आपापल्या भाषेतला जोडीदार पसंत करतात. 'लिंग्वा' म्हणजे जीभ हा लॅटिन शब्द, म्हणून मल्टिलिंग्वल. त्याच अर्थाचा ग्रीक शब्द 'ग्लोट्टा', म्हणून पॉलिग्लॉट. पेशीचं 'सेल' लॅटिन 'सेल्ला'वरून, म्हणून मल्टिसेल्युलर. कोनासाठी ग्रीक 'गोनिया', म्हणून पॉलिगॉन. पॉलिटेक्निकमधलं 'टेक्नी'ही ग्रीकच.

अपवाद आधीच सांगून ठेवा, नाहीतर हुशार मुलं तिथेच अडवतील. मल्टिमीटरमध्ये लॅटिन 'मल्टी'ला ग्रीक 'मेट्रॉन' जोडलंय. पॉलिनॉमिअल तर बायनॉमिअलच्या धर्तीवर बनवलेला संकर आहे, आणि 'मल्टिनॉमिअल' हाही खरा शब्द आहे, संख्याशास्त्रात रोज वापरात असतो. तेव्हा नियम अंदाज बांधायला वापरायचा आणि खात्री शब्दकोशात करायची. तरी शाळेच्या पातळीवर बरेचसे शब्द या अंदाजात बसतात.

दुसरी गोष्ट म्हणजे सगळे 'मल्टी' एका पिढीचे नाहीत. मल्टिप्लाय, मल्टिट्यूड हे लॅटिनमध्येच तयार होऊन बहुतांशी फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले. मल्टिव्हिटॅमिन, मल्टिग्रेन, मल्टिनॅशनल हे इंग्रजीने स्वतः जोडले. जुन्या गटात उपसर्ग काढून उरलेला तुकडा स्वतंत्र इंग्रजी शब्द असेलच असं नाही. मल्टिट्यूडमधलं '-ट्यूड' हा अल्टिट्यूड, लाँगिट्यूडमध्ये येतो तोच प्रत्यय. फोड करायचा सराव नव्या गटापासून सुरू करा.

गणिताचा तास

'किमान किती' याचं उत्तर क्षेत्रागणिक बदलतं, आणि हे मुलांना सांगितलंच पाहिजे. वैद्यकात मल्टिग्रॅव्हिडा म्हणजे दोन किंवा अधिक वेळा गर्भ राहिलेली स्त्री, म्हणजे दोनही पुरतात. राजकारणात दोन देशांचा करार बायलॅटरल, म्हणून मल्टिलॅटरल तीन किंवा अधिक देशांचा. जागतिक व्यापार संघटनेत तर आणखी बारीक भेद आहे. १९९४च्या माराकेश कराराच्या चौथ्या परिशिष्टातले करार 'प्लुरिलॅटरल' आहेत. ते ज्यांनी स्वीकारले त्यांनाच लागू. मल्टिलॅटरल करार मात्र सगळ्या सदस्यांना.

गणितात तर 'अनेक' हा अर्थच गळून पडतो. ७ची मल्टिपल सांगताना ७ स्वतः येतो आणि ०सुद्धा येतो. 'मल्टिपल म्हणजे पुष्कळ' असं घोकलेली मुलं हे दोन्ही हमखास सोडतात.

मल्टिप्लिकँड आणि मल्टिप्लायर यांत मुलं गोंधळतात. तिथे मराठी फार कामाला येते. मल्टिप्लिकँड म्हणजे ज्याला गुणायचं ते, गुण्य. मल्टिप्लायर म्हणजे गुणणारा, गुणक. तसंच डिव्हिडंड भाज्य आणि डिव्हायझर भाजक. शेवटचं '-अँड', '-अंड' ऐकलं की 'ज्याच्यावर क्रिया करायची ते' हे पक्कं करून घ्या.

मुद्रितशोधन

हायफनबद्दल. आताचा कल शब्द जोडून लिहिण्याचा आहे: मल्टिमीडिया, मल्टिपर्पज. पुढचा शब्द 'आय'ने सुरू होत असेल तर दोन 'आय' शेजारी येतात, तिथे हायफन ठेवतात, उदाहरणार्थ मल्टि-इन्स्ट्रुमेंटलिस्ट. बहुमजलीसाठी ब्रिटिश लेखनात मल्टि-स्टोरी हायफनसह आणि 'स्टोरी'त 'ई'सह, अमेरिकेत जोडून आणि 'ई'शिवाय. एका उत्तरपत्रिकेत एकच पद्धत ठेवावी.

हायफनहून जास्त चुका अनेकवचनात होतात. 'अनेक मजले' मनात असतं, म्हणून मुलं 'मल्टि-स्टोरीज बिल्डिंग' लिहितात. विशेषणात मागचं नाम एकवचनीच राहतं. उलट 'मल्टिपल' सुटा शब्द म्हणून आला की बहुधा पुढचं नाम अनेकवचनी: मल्टिपल रीझन्स. 'मल्टिपल फ्रॅक्चर'सारखे ठरलेले प्रयोग वेगळे.

वर्गखोली

नियम आणि अपवाद दोन्ही मिळाले, आभार. एक राहिलं. मल्टिप्लायचं मल्टिप्लिकेशन होताना मधे 'सी' कुठून येतो? आणि मग सप्लायचं 'सप्लिकेशन' का होत नाही?

शब्दवेध

तो 'सी' मुळातलाच आहे. लॅटिन 'प्लिकारे' म्हणजे घडी घालणे. क्रियापद फ्रेंचमधून येताना 'क' झिजला, नामात टिकला. म्हणून मल्टिप्लाय-मल्टिप्लिकेशन, अप्लाय-अप्लिकेशन, इम्प्लाय-इम्प्लिकेशन. सप्लाय आणि कम्प्लाय दिसायला तसेच, पण त्यांचं मूळ 'प्लेरे', म्हणजे भरणे. तिथे 'क' कधी नव्हताच, म्हणून कम्प्लायचं नाम कम्प्लायन्स. 'सप्लिकेशन' आणि 'कॉम्प्लिकेशन' हे शब्द इंग्रजीत आहेत, पण पहिल्याचा अर्थ विनवणी आणि दुसऱ्याचा गुंतागुंत.

प्लायवूडमधला 'प्लाय', म्हणजे थर, हाही त्या घडीतूनच आलेला. त्यामुळे अनेक थरांचं असं लिहायचं असेल तर 'मल्टि-प्लाय'मध्ये हायफन हवाच. तो गाळला तर वाचणारा गुणाकार वाचेल.